शाळेने ‘दाखला काढून न्या’ म्हटले, तरी अर्ज लिहून देऊ नये

आपला प्रश्न असा आहे की, अनुदानित शाळेत नववीत शिकणाऱ्या आपल्या भाच्याला मारामारीच्या प्रकारानंतर मुख्याध्यापकांनी ‘पंधरा दिवस शाळेत पाठवू नका, नाहीतर दाखला काढून न्या’ असे तोंडी सांगितले आहे, तर शाळेला कायद्याने असे करता येते का. मी वकील नाही. परंतु यातील दुसरे वाक्य मी २०१७ च्या जानेवारीत माझ्या मुलाच्या बाबतीत ऐकले, ते निमूटपणे मानले आणि त्यानंतर संबंधित कायदा कलमांसह वाचून काढला, म्हणून लिहीत आहे.

माझा मुलगा तेव्हा तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत सातवीत होता. मधल्या सुट्टीत नळावरच्या रांगेवरून भांडण झाले, त्याने एका मुलाला ढकलले आणि त्या मुलाच्या कपाळाला तीन टाके पडले. चूक माझ्या मुलाची होती आणि ती मी आजही नाकारत नाही. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे त्याला घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो, मुलाने माफी मागितली, दवाखान्याचा खर्च आम्ही दिला आणि त्या मुलाच्या आईने आम्हाला चहा घेतल्याशिवाय उठू दिले नाही. दोन्ही घरांपुरते प्रकरण तिथे मिटले होते. दुसऱ्या दिवशी मात्र मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावून सांगितले की असा मुलगा शाळेत ठेवता येणार नाही. मी स्वतः अर्ज करून दाखला नेला तर त्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ असे लिहून मिळेल, अन्यथा तिथे काय लिहायचे ते शाळा ठरवील. मी एक दिवसाची मुदत मागितली. तो संपूर्ण दिवस मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवून ठेवले होते, हे रात्री जेवताना त्याच्या धाकट्या बहिणीने सांगितले. त्याने स्वतः सांगितले नाही.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक होते. घरात शाळेविषयीचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. मी त्यांना फोन केला. त्यांनी सांगितले की मुख्याध्यापकांशी वैर धरून मुलाला त्याच शाळेत बसवणे म्हणजे त्याला रोज अपमान सोसायला पाठवणे आहे, आणि मग अर्जाचा मजकूर त्यांनीच मला फोनवर सांगितला: ‘वैयक्तिक कारणास्तव माझ्या पाल्याचे नाव कमी करून शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.’ मी तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सही केली. माझी पत्नी तेव्हाच म्हणाली होती की आपण जे करत नाही ते आपल्या नावावर का लिहून द्यायचे. मी तिचे ऐकले नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. याच कलमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत नापास मुलाला पुनर्परीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. त्यामुळे ‘ते कलम आता गेले’ असे काही मुख्याध्यापक सांगतात, परंतु काढून टाकण्याची बंदी त्या दुरुस्तीनंतरही जशीच्या तशी कायम आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते, आणि मुलाला दिवसभर व्हरांड्यात बसवणे हा माझ्या मते मानसिक छळच आहे. कलम ५ मधील दाखल्याची तरतूद तर मुलाच्या बाजूने केलेली आहे: मुलाला दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यावा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये. जो कागद मुलाचा हक्क म्हणून लिहिला गेला, तोच त्याला बाहेर काढण्यासाठी वापरला जातो.

आठवीपर्यंत शाळेला स्वतःहून काढता येत नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असते. म्हणूनच अर्ज पालकांकडून लिहून घेतला जातो. मी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी शाळेकडून कागद मागवले आणि माझाच अर्ज माझ्यापुढे ठेवला. ‘शाळेने काढले आहे असे यात कुठे दिसते?’ या त्यांच्या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दाखल्यावर शाळा सोडल्याचे कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे होते आणि वर्तणूक ‘चांगली’ अशी होती. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, हे मला नंतर समजले. पण स्वतःच्या सहीचा अर्ज समोर असताना तक्रारीत लिहिण्यासारखे फारसे उरले नव्हते.

नवी शाळा नऊ किलोमीटरवर होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो जुन्याच गणवेशात तिथे जाऊन बसला, कारण दोन महिन्यांसाठी नवा गणवेश नको असे तोच म्हणाला. त्याची बहीण जुन्या शाळेत पाचवीत होती. शनिवारी मी तिला सोडायला जाई आणि तोही सोबत येई, पण फाटकाच्या अलीकडे पिंपळाच्या पाराशी थांबून राही. पुढे तो शिकला, आता नोकरीही करतो. दादांचे म्हणणे आजही हेच आहे की त्या वेळी समंजसपणा दाखवला म्हणून मुलाचे भले झाले आणि दाखला स्वच्छ मिळाला. मला हे अजिबात मान्य नाही. तो शिकला तो त्याच्या कष्टाने आणि नव्या शाळेतील एका गणिताच्या बाईंमुळे, ज्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला पुढच्या बाकावर बसवले. दाखल्यावरचे कारण खोटे होते आणि ते खोटे मी लिहून दिले होते, त्यामुळे त्याला मी स्वच्छ म्हणू शकत नाही. शिक्षक म्हणून दादांना कलम १६ माहीत असायला हवे होते. माहीत असूनही त्यांनी तो मजकूर सांगितला असेल, तर ते अधिक गंभीर आहे. ज्या शाळेला तेरा वर्षांच्या मुलाला त्याची चूक दाखवून वर्गात ठेवता येत नाही, तिने त्याला काढून टाकण्याला शिस्त हे नाव देऊ नये.

आता आपल्या भाच्याविषयी. तो नववीत असल्यामुळे कलम १६ चे संरक्षण त्याला मिळत नाही, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर हा अधिनियमच लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये ठरवले आहे. निलंबन हा शब्द कलम १६ मध्ये नाही, त्यामुळे पंधरा दिवसांच्या मनाईवर त्याचे थेट बोट ठेवता येत नाही. नववी-दहावीला शाळेला काढून टाकण्याची संपूर्ण बंदी नाही. मात्र मुलाचे आणि पालकांचे म्हणणे ऐकून न घेता, कारणे देणारा लेखी आदेश न काढता केलेली कारवाई नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वापुढे टिकणे अवघड आहे. केरळमधील तीन भावंडांना राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहूनही धार्मिक श्रद्धेमुळे ते गात नाहीत म्हणून जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढले होते. ती दहावी, नववी आणि पाचवीत होती. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, आणि शिक्षण खात्याच्या ज्या सूचनांच्या आधारे काढले होते त्यांना कायद्याचे बळ नाही असे म्हटले. खात्याच्या सूचनेची ही स्थिती असेल, तर मुख्याध्यापकांच्या तोंडी वाक्याला किती वजन द्यायचे ते आपण ठरवावे.

भाच्याच्या आईवडिलांनी उद्याच एक पत्र द्यावे: अमुक तारखेला आम्हाला तोंडी असे सांगितले गेले, त्याचा लेखी आदेश व कारणे द्यावीत, आमचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि आदेश मिळेपर्यंत मुलगा नियमित वर्गात येईल व त्याची हजेरी मांडावी. पत्राची शाळेच्या आवक नोंदवहीत नोंद करून घ्यावी, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. दाखल्यासाठी अर्ज अद्याप दिला नसेल तर तो कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नये, सांगणारा घरातला थोरला असला तरीही. दिला असेल तर तो मागे घेत असल्याचे पत्र आजच द्यावे. आम्ही ते पत्र पत्नीच्या आग्रहावरून तिसऱ्या दिवशी घेऊन गेलो, तेव्हा दाखला निघालेला होता आणि जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे लाल शाईने नोंद झालेली होती.