कोकणात जाताना वाटेत डोंगरातल्या आत्याकडे थांबायला तासभर पुरेल का?

नाही पुरणार. तुम्ही लिहिलंय, पुण्याहून भोरमार्गे महाडला जाताना आत्याकडे ‘उभ्याउभ्या’ डोकावून पुढे जायचंय. आमचीही आत्या त्याच रस्त्याला, हिरडोशी खोऱ्यात डोंगराच्या अंगाला राहते, आणि हा उभ्याउभ्याचा प्रयोग मी करून बसलोय.

पहिल्या खेपेला फोनवर सांगितलं, "बारापर्यंत येतो." निघायलाच दहा वाजले, मग हायवेला मिसळ झाली, चहा झाला. कापूरहोळला उजवीकडे वळून भोर गाठेपर्यंत बारा वाजून गेले होते. पुढे नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो, तिथे फोटो काढले. पोचलो अडीचला. आत्याने कोंबडी रांधलेली, नाचणीच्या भाकरी टोपलीत झाकून ठेवलेल्या, आणि घरात कुणी घास तोंडात घातलेला नव्हता. मामा (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो) ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावून होते. आमची पोटं मिसळीने तुडुंब. शिवाय अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून माझं घड्याळाकडे बघणं चाललेलं. दोन घास खाऊन उठलो. आत्या रागावली नाही, तेच जास्त लागलं. स्टीलच्या डब्यात रस्सा भरून दिला नि म्हणाली, "डबा द्यायला तरी येशील."

म्हणून सांगतो, मुक्कामाला जा. जमणार नसेल तर जाताना थांबूच नका. परतीच्या वाटेवर एक रात्र ठेवा. दुपारी तीन-चारला पोचलात तर उजेडात गाडी लावायला जागा सापडते, आणि स्वयंपाक तुमच्या देखत होतो. गाडी बहुधा दारापर्यंत जाणार नाही, तेव्हा सामान पाठीवर घेता येईल असंच भरा. खोऱ्यात रेंज येते-जाते. भोर सोडण्याआधी फोन करा आणि टाकी तिथेच भरा.

काय न्यायचं ते त्यांनाच विचारा. मी कौतुकाने बाकरवडी नेली होती, मामांना दात नाहीत! आत्याला हवी होती बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं आणि बॅटरीचे सेल. पाकिटातले पैसे ती घेणार नाही, गोळ्या घेते.

डिकी मात्र थोडी रिकामी ठेवा. निघताना वानवळा मिळणारच. भोरकडचा इंद्रायणी तांदूळ, पावटे, असेल तर मध. "कशाला एवढं" एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलंत की खरंच नको आहे असं वाटतं त्यांना.

रस्त्याचं थोडक्यात. पावसाळ्यात वरंधा घाटात दरडी येतात, त्यामुळे तो अवजड वाहनांना, आणि इशारा असेल तेव्हा सगळ्यांनाच बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर ताम्हिणी घाटाने जा. त्या वाटेला मग आत्या लागत नाही. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. वरंधा घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजी मिळतात, पण आत्याकडे जेवायला जाताय हे विसरून तिथे बसू नका. उलट दिशेने, म्हणजे महाडकडून येताना, ही चूक हमखास होते.

तो डबा मी पाच महिन्यांनी परत नेला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून बायकोने बेसनाचे लाडू भरून दिले. मामांनी दोन खाल्ले.