सेलमध्ये घेतलं म्हणजे पैसे वाचले, असं मुलगा म्हणतो

"मॅडम, पोरगा गेमवर पैसे घालवतो आणि वर आम्हालाच सांगतो की मी पैसे वाचवतोय." मी समुपदेशनाचं काम करते, आणि हे वाक्य मला जुलैत आणि जानेवारीत जास्त ऐकू येतं, कारण स्टीम ह्या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाचा समर सेल जूनच्या शेवटी लागतो, विंटर सेल डिसेंबरात, आणि मग महिन्याभरात बँकेचं स्टेटमेंट घरात कुणाच्या तरी हाती लागतं. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. मुलगा 24 वर्षांचा, विश्रामबागला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो, पगार 22 हजार. वडिलांनी बसल्या बसल्या विचारलं, "ह्याला व्यसन लागलंय का, तेवढं सांगा." पैसे लावून खेळायचे रमीसारखे गेमही त्यांच्या डोक्यात होते, तर आधी ते मोकळं केलं, की पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंदी आलीय, आणि तुमचा मुलगा घेतो तो गेम म्हणजे एकदा विकत घेऊन खेळायची वस्तू, त्यात काही जिंकायचं नसतं. व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, नोकरी, झोप, घर सगळं मागं पडलेलं असावं लागतं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. ह्याचं तसं काहीच नव्हतं. ऑफिसला वेळेवर, झोप नीट, आठवड्याला फार तर चार तास खेळणं.

खरं सांगायचं तर तो फारसा खेळतच नव्हता, नुसता घेत होता.

दुसऱ्या वेळी तो एकटाच आला आणि स्वतःहून मोबाईलवर एक एक्सेल शीट उघडून दाखवली. अकाउंट्सचा माणूस, शीट अगदी स्वच्छ. गेमचं नाव, मूळ किंमत, सेलची किंमत, आणि शेवटचा हिरवा रकाना, "वाचले". एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हा 1,499 चा होता मॅडम, मला 299 ला मिळाला." खाली हिरव्या रकान्याची तीन वर्षांची बेरीज सव्वा लाखाच्या वर. खर्चाची बेरीज त्यानं कधी मारलीच नव्हती, तिथं माझ्यासमोर मारली, 46 हजार आले आणि तो बराच वेळ स्क्रीनकडंच बघत बसला. मी म्हटलं आता अजून एक रकाना वाढव, "किती तास खेळलो", आणि पुढच्या वेळी ये.

तो रकाना भरायला त्याला अख्खा रविवार गेला. 186 गेमपैकी 119 एकदाही उघडलेले नव्हते!

ह्या भेटीला वडील पण होते. त्यांनी शीट नीट बघितली आणि म्हणाले, "हरिपूरच्या पेवात हळद भरून ठेवायचे ती पुढं भाव येईल म्हणून. ह्या मालाला पुढं भाव येतो का?" मुलगा म्हणाला नाही बाबा, हे परत विकता येत नाही, आपल्याला फक्त खेळायचं लायसन मिळतं. "मग हा माल स्वस्तात घेऊन फायदा काय रे," असं वडिलांनी विचारलं ते रागानं नव्हे, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं, आणि मला वाटतं ते दोघं ह्या विषयावर न भांडता पहिल्यांदाच बोलत होते.

मी त्याला सेल बंद कर असं सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही, कारण ज्याला एखादा गेम खरंच खेळायचाय त्यानं पूर्ण किंमत का द्यावी. पण त्याची घाई बिनकामाची होती. आज नाही घेतला तर जाईल असं त्याला वाटायचं, तर काही तासांनी बदलणाऱ्या ऑफर स्टीमनं 2015 च्या शेवटीच बंद केल्यात, आता सेलच्या पहिल्या दिवशी जी सूट असते साधारण तीच शेवटपर्यंत राहते, आणि मोठे सेल वर्षातून चार असतात. गेम विशलिस्टला टाकून ठेवला की सूट लागल्यावर मेल येतो, स्टीमडीबी नावाच्या वेबसाइटवर तो आधी कितीला मिळत होता तेही बघता येतं. आणि रिफंड! घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, पण हा एका रात्रीत आठ-आठ गेम घ्यायचा, उघडायचा एकही नाही, 14 दिवस तसेच निघून जायचे. एकावेळी एकच घे आणि त्याच आठवड्यात उघड, एवढंच ठरवलं.

इथपर्यंत हिशेबाचं झालं, पण मला ते 119 डोक्यातून जाईनात. मी त्याला विचारलं, ह्यातले मित्रांबरोबर खेळायचे किती? त्यानं मोजले, निम्म्याच्या वर निघाले. मग हळूहळू सांगायला लागला, कॉलेजचे चौघं होते, तिघं नोकरीला पुण्याला गेले, हा वडिलांना बरं नसायचं म्हणून इथंच राहिला. सेल लागला की ग्रुपवर लिंक टाकायचा, तिकडून "घे घे, रविवारी खेळू" असा मेसेज यायचा, हा घ्यायचा, आणि रविवारी रात्री दहाला हेडफोन लावून बसायचा. ऑनलाइन कुणीच नसायचं.

हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला आणि मी पण थोडा वेळ काही बोलले नाही. हे स्टेटमेंटमध्ये आईवडिलांना कुठून दिसणार होतं.

नंतरचे दोन महिने आम्ही गेमवर जवळजवळ बोललोच नाही, मित्रांवर बोललो, सांगलीत मागं राहिल्यासारखं वाटतं त्यावर बोललो. त्यानं तिघांना मेसेज न करता फोन केले. दोघांना खरंच वेळ नव्हता, एकानं मात्र गुरुवारची रात्र ठरवली आणि पाळली. नवीन काही घ्यावंच लागलं नाही, आधी घेतलेल्यातलाच एक काढला.

गेल्या समर सेलनंतर तो भेटायला आला, शीट घेऊन. हिरवा रकाना काढून टाकला होता. नवीन ओळ एकच, 449 रुपये, तास 31, आणि शेजारी मित्राचं नाव.