तुम्ही विचारलंत: कीटकनाशकाची उंदरांवर तपासलेली मात्रा शंभराने भागली की झाली माणसाची सुरक्षित मर्यादा? मग यात संख्याशास्त्र कुठं आलं?

तुमच्या प्रश्नाला शेपूटही आहे: फवारणीच्या अंशामुळं युरोपनं अडवलेली द्राक्षं आपण इथं खाल्ली, म्हणजे विष खाल्लं का? त्याच्याकडे शेवटी येतो.

मी सांगलीत संख्याशास्त्र शिकलो. सध्या विषचाचण्यांची आकडेमोड करतो आणि घरी तासगावजवळ द्राक्षबाग आहे. आमच्याकडं कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतात, त्यामुळं मात्रा हा शब्द लहानपणापासून कानावरचा.

शंभर हा आकडा कुठल्या समीकरणातून निघालेला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी तो सुचवला. पुढे त्याची फोड अशी झाली: प्राण्यापेक्षा माणूस दहापट नाजूक असू शकतो आणि माणसामाणसांतही दहापट फरक असू शकतो. ढोबळ आहे, पण चालून गेलंय. खरी गोची भागाकारात नाही, ज्या आकड्याला भागायचं त्या आकड्यात आहे.

समजा, उंदरांच्या चार गटांना किलो वजनामागे रोज ०, १, ३ आणि १० मिलीग्रॅम दिलं, प्रत्येक गटात दहा उंदीर. १० मिलीग्रॅमच्या गटात यकृत बिघडलं, ३ च्या गटात एकाचंही नाही. जुन्या पद्धतीनं ३ ही 'परिणाम न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा' झाली. भागिले शंभर, म्हणजे ०.०३. काम संपलं.

पण दहात शून्य याचा अर्थ काय? त्या मात्रेला खरोखर शंभरातले २६ उंदीर आजारी पडत असले, तरी दहाच तपासल्यावर एकही न सापडण्याची शक्यता साधारण वीसात एक उरते. पन्नास उंदीर घेतले असते, तर तीच शंका २६ ऐवजी सहा टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली असती. म्हणजे प्रयोग जितका तोकडा, तितका परिणाम नजरेतून सुटणार आणि मर्यादा तितकी ढिली होणार. उरकून टाकणाऱ्याला मोकळीक, नीट काम करणाऱ्याला जाच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

१९८४ मध्ये केनी क्रम्प यांनी वेगळी वाट मांडली, 'बेंचमार्क डोस'. एकाच गटावर बोट ठेवण्याऐवजी सगळ्या गटांतून एक वक्ररेषा बसवायची आणि परिणाम ठरावीक प्रमाणात, समजा दहा टक्क्यांनी, वाढतो ती मात्रा त्या रेषेवर शोधायची. पण भागाकाराला तीही घ्यायची नाही. तिच्या विश्वास-मर्यादेचं, म्हणजे खरी मात्रा ज्या पट्ट्यात असावी त्या पट्ट्याचं, खालचं टोक घ्यायचं. उंदीर कमी असले की ही मर्यादा पसरते आणि खालचं टोक आणखी खाली जातं. अज्ञानाचा भुर्दंड आता प्रयोग करणाऱ्यावर. आपल्या उदाहरणात हे टोक १ आलं असं धरू; मर्यादा ०.०३ ऐवजी ०.०१.

दहा टक्के म्हणजे दहा टक्के लोक आजारी पडलेले चालतील, असा अर्थ बरेच जण काढतात. तसं नाही. प्रयोगात जिथं खरोखर काही मोजता येतं, त्याच्या जवळचा तो टप्पा आहे, इतकंच.

भांडण होतं ते कुठली रेषा बसवायची यावर. लॉग-लॉजिस्टिक, वायबुल, प्रॉबिट अशा वेगवेगळ्या सूत्रांच्या रेषा आहेत; सगळ्या त्या चार बिंदूंवर झकास बसतात आणि खाली उतरताना आपापल्या वाटेनं जातात. माझं मत विचाराल, तर चार बिंदूंवरून 'खरी रेषा' निवडण्याचा आव आणूच नये. सगळ्यांची भारित सरासरी घ्यावी, म्हणजे जी रेषा जास्त जुळते तिला जास्त वजन. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात बेजियन पद्धतीनं (आधीची माहिती आणि नवे आकडे एकत्र धरून) तोच रस्ता धरला. अमेरिकी पर्यावरण खात्याचं 'बीएमडीएस' आणि डचांचं 'प्रोआस्ट' ही असा हिशोब करणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत, स्वतः करून बघा.

आता शेपूट. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशामुळं आपली द्राक्षं युरोपात अडकली. तिथली तेव्हाची मर्यादा किलोभर द्राक्षामागे ०.०५ मिलीग्रॅम होती. वरच्या काल्पनिक औषधाला हीच मर्यादा लावून बघू. किलो वजनामागे ०.०१ धरलं तर साठ किलोच्या माणसाला रोज ०.६ मिलीग्रॅम चालेल, म्हणजे मर्यादेला टेकलेली द्राक्षं रोज बारा किलो. पंधरा किलोच्या पोराला तीन किलो. अर्थात इतर खाण्यातूनही तेच औषध पोटात जात असेल, तर तेही यातूनच वजा.

हा हिशोब घरी आण्णांना सांगितला तर म्हणाले, "मग कंटेनर का अडवला?"

कारण पेटीतल्या फळावरची मर्यादा वेगळ्या मापानं ठरते. परवानगी असलेलं औषध नियमानं फवारलं, काढणीआधीचे दिवस पाळले, तर जास्तीत जास्त किती उरेल, यावरून ती ठरते. ज्या पिकावर त्या औषधाला परवानगीच नाही, तिथं यंत्राला खात्रीनं मोजता येईल इतक्या खाली ती ठेवतात, द्राक्षावरचं तेव्हाचं ०.०५ हे तसलंच. ती ओलांडली म्हणजे नियम मोडला. तेवढ्यावरून विष खाल्लं असं ठरत नाही, त्यासाठी वरचा किलोंचा हिशोब त्या त्या औषधाचा खरा आकडा घालून वेगळा करावा लागतो.