ऑटोमॅटिक ईमेलसाठी कोणते ट्रिगर लावावेत आणि कोणते काढून टाकावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची सेवा) लाकडी घाण्याचं तेल आणि मसाले विकता, साडेतीन हजार ईमेल पत्त्यांची लिस्ट आहे, क्लेवियो या ईमेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले तयार फ्लो (एखादी घटना घडली की आपोआप जाणाऱ्या मेलची मालिका) एकदम चालू केले आणि आता एकेका गिऱ्हाइकाला दिवसाला तीन-तीन मेल जातायत. तर ठेवायचं काय आणि काढायचं काय?

आधी सगळे फ्लो मॅन्युअलवर टाका. मॅन्युअलवर माणसं फ्लोमध्ये शिरत राहतात, मेल तयार होऊन रांगेत थांबतात, पण तुम्ही सोडल्याशिवाय जात नाहीत. दोन-तीन दिवस ती रांग नुसती वाचा. कोणाला कधी काय जाणार होतं ते नावानिशी समोर येतं, आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मग प्रत्येक ट्रिगरला, म्हणजे ज्या घटनेने फ्लो सुरू होतो तिला, तीन प्रश्न विचारा. ही घटना आपल्या सिस्टिममध्ये खात्रीने नोंदली जाते का? ती घडल्यावर गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं आपल्याकडे काही आहे का? आणि त्याने काय केलं की मेल थांबले पाहिजेत? तिसऱ्याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल तर तो ट्रिगर लावूच नका. लोक पहिल्या प्रश्नावर तासभर घालवतात आणि तिसरा विसरतात. तुमच्याकडचा गोंधळ बहुतेक तिथलाच आहे.

तुमच्या धंद्याला चार ट्रिगर पुरतात: चेकआउट (पत्ता आणि पैसे भरायची पायरी) सुरू केला, माल पोहोचला, फॉर्म भरून नाव नोंदवलं, आणि माल संपत आला. सगळ्यात जास्त पैसे पहिल्यात आहेत, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात.

'कार्टमध्ये टाकलं' आणि 'चेकआउट सुरू केला' या दोन वेगळ्या घटना आहेत. दोन्हींवर फ्लो लावलेत तर एकाच माणसाला दोन्हीकडून मेल जातात. दुसरी ठेवा. तिथपर्यंत आलेल्या माणसाने पत्ता भरायला घेतलेला असतो, त्याचा इरादा पक्का असतो. पण दोन गोष्टी तपासा. चेकआउटच्या सेटिंगमध्ये 'फोन किंवा ईमेल' असा पर्याय ठेवला असेल, तर बरीच मंडळी नुसता मोबाइल नंबर देतात. ईमेलच नसेल तर मेल जाणार कुठे? आणि शॉपिफायच्या चेकआउटऐवजी दुसऱ्या कंपनीचा झटपट चेकआउट लावला असेल, तर ही घटना क्लेवियोपर्यंत पोहोचतच नाही, असं होऊ शकतं. त्या कंपनीचं क्लेवियोशी जोडणीचं सेटिंग वेगळं असतं, ते चालू आहे का बघा.

आता वेळ. समजा एखादी ताई रात्री ९ वाजून १० मिनिटांनी चेकआउटवर आली, यूपीआयने पैसे भरायला गेली, ॲपवर 'पेंडिंग' दिसलं. तिच्या खात्यातून पैसे गेलेत, पण तुमच्याकडे ऑर्डर अजून उमटलेली नाही. १५ मिनिटांचा थांबा ठेवलेला असेल तर तिला मेल जातो, 'तुमचं तेल कार्टमध्येच राहिलं!' पैसे कापले गेलेल्या माणसाला असा मेल आला की तो पहिला फोन तुम्हाला करतो. म्हणून पहिला मेल किमान १ तासाने, दुसरा साधारण २२ ते २४ तासांनी. तेल-मसाल्याला तिसऱ्याची गरज नाही. आणि फ्लो फिल्टर, म्हणजे माणूस फ्लोमध्ये राहण्याची अट, हमखास लावा: 'हा फ्लो सुरू झाल्यापासून ऑर्डर शून्य वेळा'. हा फिल्टर प्रत्येक मेलच्या आधी पुन्हा तपासला जातो. ट्रिगर फिल्टर मात्र फक्त त्या घटनेकडे, म्हणजे रक्कम, वस्तू वगैरेकडे बघतो. 'नंतर खरेदी झाली का' हे त्याला कळत नाही. या दोघांची गल्लत फार होते. जोडीला 'गेल्या ७ दिवसांत या फ्लोमध्ये आलेला नाही' हाही फिल्टर ठेवा, म्हणजे दर दोन दिवसांनी भाव बघून जाणाऱ्याच्या मागे मेल लागणार नाहीत.

पहिल्याच मेलमध्ये सवलत देऊ नका. दोन-तीनदा तसं झालं की नेहमीची गिऱ्हाइकं मुद्दाम कार्ट सोडून कुपनची वाट बघतात.

ऑर्डरनंतरच्या मेलचं गणित आपल्याकडे सीओडीमुळे (माल हातात पडल्यावर पैसे) वेगळं आहे. 'ऑर्डर पडली' म्हणजे पैसे आले असं नाही, आणि शॉपिफायमधलं 'फुलफिल्ड' म्हणजे माल तुमच्याकडून निघाला, एवढंच. 'ऑर्डरनंतर ५ दिवसांनी रिव्ह्यू मागा' असा फ्लो नाशिकहून पुण्याला चालेल, पण गुवाहाटीच्या माणसाला डबा हातात पडायच्या आधीच 'चव कशी वाटली?' असा मेल जाईल. कुरिअरच्या ॲपमधून 'डिलिव्हर झालं' ही घटना क्लेवियोत आणता येत असेल तर तोच ट्रिगर घ्या आणि त्यानंतर ७ दिवस थांबा. तेल घरात वापरलं तरी गेलं पाहिजे. ती सोय नसेल तर 'फुलफिल्ड'नंतर १४ दिवस. परत आलेली पार्सलं शॉपिफायमध्ये लगेच रद्द करायची सवय लावा. ते केलं नाही तर घेतलेल्या आणि न घेतलेल्या मालात क्लेवियोला फरक कळत नाही, आणि दार न उघडलेल्या माणसाकडे तुम्ही पाच तारे मागत बसता.

माल संपत आल्याचा ट्रिगर हा तुमच्या मालाचा खरा ट्रिगर आहे. त्याचे दिवस दुसऱ्या कोणाचे आकडे बघून ठरवू नका. ऑर्डरची फाइल काढा, एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच तेलाच्या सलग दोन ऑर्डरींमधलं अंतर मोजा, ती अंतरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधली संख्या घ्या. सरासरी नको, दिवाळीच्या फराळासाठी दहा लिटर नेणारे ती बिघडवतात. समजा १ लिटरच्या बाटलीचं अंतर ३८ दिवस निघालं आणि माल पोहोचायला ५ दिवस लागतात, तर ३३ व्या दिवसाच्या थोडं आधी, मेल ३० व्या दिवशी. ५ लिटरच्या डब्याला वेगळी फांदी काढा. इथेही थांबायची अट तीच, मध्ये ऑर्डर झाली की फ्लो संपला.

मसाल्यांना हा हिशोब लावू नका. बरीच घरं उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला भरून ठेवतात. एप्रिलमध्ये दोन किलो कांदा-लसूण मसाला नेलेल्या घराला जूनमध्ये 'संपला का?' विचारणं म्हणजे आपल्याला त्या घराची ओळखच नाही असं सांगण्यासारखं आहे. अर्धा किलोच्या वर मसाला घेणाऱ्यांना या फ्लोमधून फिल्टरने बाहेर ठेवा आणि पुढच्या मार्चच्या मध्याला, तारखेवर लावलेला एकच मेल पाठवा.

नाव नोंदणीच्या फ्लोमध्ये एकच मोठा खड्डा आहे. तो लिस्टवर लावलेला असतो, आणि तुम्ही प्रदर्शनात जमवलेले किंवा जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्याच लिस्टमध्ये फाइलमधून चढवलेत की सगळ्यांना एकदम 'स्वागत आहे, पहिल्या ऑर्डरवर १० टक्के सूट' असा मेल सुटतो. पाच वर्षं तेल नेणाऱ्यालाही. वेबसाइटवरच्या फॉर्मची लिस्ट वेगळी ठेवा, आणि 'आजवर ऑर्डर शून्य' हा फिल्टर लावा.

काढून टाकायचे ट्रिगर सांगतो. 'मेल उघडला' यावर काहीही लावू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने मेलमधली चित्रं स्वतःच आधी उतरवून घेण्याची सोय आणली, तेव्हापासून न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. नुसत्या क्लिकवरही विसंबू नका. ऑफिसच्या पत्त्यांवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर माणसाच्या आधी लिंक तपासून येतं. 'वस्तू पाहिली' हा ट्रिगर वीस-पंचवीस वस्तूंच्या दुकानाला लागत नाही. वाढदिवसाचाही काढा, तेलाशी त्याचा संबंध नाही.

उरलेल्या चार फ्लोंची टक्कर होऊ नये म्हणून स्मार्ट सेंडिंग असतं. ठरावीक तासांत ज्याला एक मेल गेलाय त्याला ते दुसरा जाऊ देत नाही. ईमेलसाठी ही मुदत मुळात १६ तासांची असते. पण त्यात मेल पुढे ढकलला जात नाही, तो गळतोच. त्यामुळे चेकआउटच्या पहिल्या मेलला ते बंद ठेवा, बाकीच्यांना चालू.

हे सगळं एवढं जपायचं कारण म्हणजे जीमेल. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाऊ देऊ नका असं गूगलचं सांगणं आहे. म्हणजे हजार मेलमागे तिघांनी 'स्पॅम' दाबलं की तुम्ही त्या रेषेवर. ०.१ च्या खाली राहा. फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) आणि एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब यांबाबतचे नियमही कडक झालेत. जीमेलच्या पत्त्यांवर रोज पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे सगळंच सक्तीचं आहे, पण छोट्यांनीही करून टाकावं. डोमेनच्या सेटिंगमध्ये तासाभराचं काम आहे.

चालू करण्याआधी स्वतः गिऱ्हाईक व्हा. जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून पुढे काहीही लिहिलं तरी मेल तुमच्याकडेच येतो, म्हणून एकाच खात्यावर हवे तेवढे खोटे पत्ते तयार होतात. एका पत्त्याने चेकआउट अर्धवट सोडा. दुसऱ्याने सोडा आणि ४० मिनिटांनी ऑर्डर पूर्ण करा. तिसऱ्याने सीओडी ऑर्डर टाकून रद्द करा. या तपासणीपुरता चेकआउटचा फ्लो लाइव्ह करा. दुसऱ्या पत्त्यावर त्या फ्लोचा एकही मेल आला नाही पाहिजे. आला तर फिल्टर चुकीच्या जागी बसलाय, तो फ्लो परत मॅन्युअलवर टाका.