जुन्या एफसीला पॉवर रॅक: दीड लाख घालावेत का?

प्रश्न: तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार लिहितात, की त्यांच्याकडे 1973 ची महिंद्रा एफसी-150 पिकअप आहे. फोर व्हील ड्राइव्ह, मूळ पेट्रोल इंजिन, आरसी बुकात खासगी नोंद. बागेतले क्रेट वाहायला आणि अधूनमधून तासगावला जायला ती वापरतात. मागच्या वर्षी रुंद रेडियल टायर टाकले. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्टिअरिंग ओढवत नाही. सांगलीच्या एका गॅरेजने पॉवर रॅक अँड पिनियन (दातेरी दांडा आणि छोट्या चक्रीचं, पंपाच्या मदतीने हलकं होणारं स्टिअरिंग) बसवून द्यायचे 1,45,000 सांगितले असून 5,000 आगाऊ दिले आहेत. घरखर्च महिन्याला 28,000, बँकेत 2,10,000 ची ठेव. उरलेले पैसे पतसंस्थेकडून 1 लाख 14 टक्क्यांनी 24 महिन्यांसाठी घ्यावेत, की पीककर्जातून वळवावेत? गाडी लग्नांना भाड्याने देऊन खर्च निघेल, असा त्यांचा हिशेब आहे.

उत्तर:

हे काम या रूपात करू नका. पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर ज्या वस्तूवर ते जाणार आहेत ती तुमच्या गाडीच्या पुढच्या एक्सलला जुळत नाही म्हणून. आणि न जुळणाऱ्या वस्तूचा खर्च कोटेशनच्या आकड्यावर कधीच थांबत नाही.

आधी कोटेशनच बघू. रॅक (जुना, भंगारातून) 14,000, पंप, ब्रॅकेट आणि पुली 16,000, होज, टाकी, तेल 9,000, कॉलम, शाफ्ट आणि दोन युनिव्हर्सल जॉइंट 18,000, क्रॉस मेंबरचं (चेसिसच्या आडव्या तुळईचं) फॅब्रिकेशन 28,000, आर्म आणि टाय रॉड (चाकाला वळवणारा दांडा) 15,000, मजुरी 40,000, अलाइनमेंट आणि किरकोळ 5,000. बेरीज 1,45,000 बरोबर येते, पण खाली ‘जीएसटी वेगळा’ लिहिलंय. 18 टक्के धरले तर 1,71,100. पतसंस्थेच्या 1 लाखाचा हप्ता सुमारे 4,801 रुपये बसेल, दोन वर्षांत व्याज 15,230 च्या आसपास. प्रक्रिया शुल्क 2 टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरला तर आणखी 2,360. म्हणजे दीड लाखाचं काम तुम्हाला 1,88,700 ला पडतं, आणि त्यात ऐनवेळी निघणाऱ्या कामांसाठी एक रुपयाही धरलेला नाही.

आता रॅक का जुळत नाही ते. रॅक अँड पिनियन शोभतो तो पुढची दोन चाकं स्वतंत्र झुलणाऱ्या गाडीला. तिथे टाय रॉडचा आतला सांधा आणि सस्पेन्शन आर्मचा आतला सांधा एका रेषेत ठेवतात, त्यामुळे चाक वरखाली झालं तरी त्याची दिशा बदलत नाही. तुमच्या एफसीला पाट्यांवर बसलेला अखंड एक्सल आहे. रॅक चेसिसला घट्ट आणि एक्सल खाली नाचतोय, अशी रचना झाली की दर खड्ड्याला टाय रॉड तिरका होतो आणि चाकाला ओढतो. हिशेब करून बघा: टाय रॉड 350 मिमी, स्टिअरिंग आर्म 150 मिमी, एक्सल 60 मिमी वर आला. रॉडची आडवी लांबी सुमारे 5.2 मिमीने कमी होते, म्हणजे एक चाक जवळजवळ 2 अंश वळतं. दोन्ही चाकं मिळून 4 अंश, आणि तुम्ही स्टिअरिंग हलवलेलंही नाही. या जीप घराण्याच्या एक्सलला मूळ टो-इन (दोन्ही चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवण्याचं माप) एक ते अडीच मिलिमीटर असतो, त्यापुढे हा आकडा ठेवून बघा. क्रेट भरलेली गाडी मणेराजुरीच्या रस्त्यावर भरकटेल, टायरच्या कडा झिजतील आणि गॅरेजवाला अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करत बसेल. अलाइनमेंट जागेवर उभ्या गाडीची होते, दोष मात्र हलत्या गाडीत आहे.

काही जण यावर उपाय म्हणून रॅक थेट एक्सलवरच बसवतात. मग बंप स्टिअर (खड्ड्यात चाक आपोआप वळणं) जातो, पण प्रत्येक दणका रॅकच्या हाउसिंगला बसतो, होज सतत वाकतात, आणि कॉलमला लांबी बदलणारा स्प्लाइनचा शाफ्ट लागतो. एफसीत ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो, कॉलम जवळजवळ उभा. तिथून रॅकच्या पिनियनपर्यंत जाताना जॉइंटचा कोन 30 अंशांपलीकडे गेला की स्टिअरिंग एका फेरीत दोनदा घट्ट-सैल लागतं. कोन वाटून घ्यायला तिसरा जॉइंट घातला तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवं, आणि कोटेशनमध्ये जॉइंट दोनच आहेत. शिवाय रॅक एक्सलच्या पुढे बसणार की मागे, हे त्यात लिहिलेलं नाही. पुढे बसायला बनवलेला रॅक मागे बसवला तर चाकं उलटी वळतात, आणि उलटा करून बसवला तर पिनियन नको त्या बाजूला जातो. एवढी गोष्ट कागदावर नसेल तर गॅरेजने गाडीखाली जाऊन मोजमाप घेतलेलं नाही, असं समजा.

तुमची खरी तक्रार जड स्टिअरिंगची आहे. ती कुठून येते हे शोधायला एक तास आणि दोन मजबूत स्टँड पुरतात. पुढचा एक्सल उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर नको) आणि स्टिअरिंग फिरवा. हवेतही जड असेल तर स्टिअरिंग बॉक्सकडून ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडा आणि पुन्हा फिरवा. तरी जड, तर दोष बॉक्समध्ये किंवा कॉलमच्या बुशमध्ये. हलकं झालं, तर नकलमध्ये (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात). आणि हवेत सुरुवातीपासूनच हलकं असेल तर टायर, हवा किंवा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल).

बॉक्समध्ये एक नेहमीचा घोळ असतो. प्ले (स्टिअरिंगचा ढिलेपणा) काढायला मिस्त्री बाजूचा स्क्रू आवळतात. पण या कॅम-लिव्हर बॉक्सचा कॅम मध्यावर सर्वांत घट्ट असतो, म्हणून चाकं सरळ ठेवूनच तो जुळवायचा. वळवलेल्या चाकांवर आवळला की मध्यावर अडकतो. स्टिअरिंग जड होतं आणि वळणावरून आपोआप परत येत नाही. आत तेल आहे का तेही बघा. सील गेलेलं असेल तर बॉक्स कोरडा चालतोय. फोर व्हील ड्राइव्हच्या बंद नकलमध्ये वरखाली टेपर रोलर बेअरिंग असतात. गोळ्यावरचं फेल्टचं सील झिजलं की बागेतली माती आणि पाणी आत जातं, रोलरचे ठसे कपात उमटतात आणि वळवताना खटके लागतात. बेअरिंग बदलताना टोपीखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) मोजून घातल्या नाहीत तर नवं कोरं कामही जड लागतं. रुंद टायरचं तर सरळच आहे: उभ्या गाडीत स्टिअरिंगला जास्त रबर घासत फिरवावं लागतं. मूळ मापाचे टायर घाला, आताचे विकून टाका.

बेअरिंग, सील, शिम, टाय रॉड एंड, बॉक्सची दुरुस्ती आणि अलाइनमेंट यासाठी 22,000 चं अंदाजपत्रक धरा. टायरचा हिशेब वेगळा. पहिला टप्पा एवढाच.

यानंतरही खांदा कुरकुरला तर दुसरा टप्पा: भंगारात निघालेल्या हॅचबॅकचा इलेक्ट्रिक स्टिअरिंग कॉलम. यात मूळ बॉक्स, ड्रॅग लिंक, एक्सल काहीच बदलत नाही आणि पुढे काढून टाकता येतो. अट एकच, पण मोठी: उभ्या गाडीत वळवताना मोटर 40 अँपिअरच्या वर ओढू शकते. डायनमो असेल तर तो पुरणार नाही. अल्टरनेटर, बॅटरीपासून फ्यूज घातलेली स्वतंत्र जाड केबल आणि नीट अर्थिंग लागेल. वेगाचा सिग्नल न मिळाल्याने मूळ कंट्रोलर मदत बंद किंवा मर्यादित करू शकतो, म्हणून मदत कमीजास्त करणारा वेगळा कंट्रोलर हवा. ढिल्या बॉक्सवर ही मोटर बसवली तर बॉक्स लवकर संपतो, म्हणून पहिला टप्पा वगळून इथे उडी मारू नका. अल्टरनेटरसकट 42,000 धरा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग बॉक्स हा तिसरा मार्ग अखंड एक्सलला तत्त्वतः योग्य आहे, पण चेसिसला आतून स्लीव्ह आणि बाहेरून जाड प्लेट न देता तो बसवला की बोल्टच्या भोकापासून तडा जातो. शिवाय इंजिन बंद पडलं की पंपाची मदत गेली, आणि तेव्हा स्टिअरिंग आजच्यापेक्षा जड लागतं. तुमच्या वापराला तो नको.

आता पैशाकडे. सहा महिन्यांचा घरखर्च 1,68,000. ठेव 2,10,000. मोकळे फक्त 42,000. पाऊस लांबला किंवा घडकूज झाली तर पुढच्या बेदाण्यापर्यंत घर याच ठेवीवर चालणार आहे. फळछाटणी तोंडावर आहे. त्यानंतरचे तीन महिने औषधं आणि मजुरीचे. नेमक्या त्याच महिन्यांत 4,801 चा हप्ता सुरू होईल, आणि तुमचं उत्पन्न महिन्याला येत नाही, सौद्याला येतं.

पीककर्जाला तर हात लावूच नका. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्याला पडतं. त्यातला लाख रुपये गाडीत अडकला आणि मुदत चुकली, तर सवलत त्या लाखापुरती जात नाही, अख्ख्या कर्जावरची जाते, आणि पुढच्या हंगामाचं नूतनीकरणही अडतं. पतसंस्थेचे 14 टक्के त्यापेक्षा परवडले, पण तेही नकोतच.

पहिल्या टप्प्याचे 22,000 ठेव न मोडता ठेवीवरच्या कर्जातून घ्या. तुमच्या बँकेचा दर साडेआठ टक्के असेल तर सहा महिन्यांचं व्याज 935 रुपये, आणि ठेवीचं व्याज चालूच राहतं. बेदाण्याचे पैसे हाती आले की हे फेडा, आणि गरज उरली तरच दुसरा टप्पा. दोन्ही मिळून 64,000.

लग्नाच्या भाड्याचा आकडा (15 लग्नं, प्रत्येकी 3,000, म्हणजे 45,000) हिशेबातून खोडा. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदेशीर आहे, आणि तशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. व्हिंटेज नोंदणी केली तरी व्यावसायिक वापर चालत नाही. ही 2021 ची तरतूद आहे: 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, नोंदणीचे 20,000, मुदत 10 वर्षं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेली गाडी तिथे बसत नाही. म्हणजे 28,000 देऊन वेल्ड करून घ्यायचा तो क्रॉस मेंबर तुमचा हा दरवाजाही बंद करणार. मात्र व्हिंटेज गाडी रोज वापरताही येत नाही, तेव्हा क्रेट वाहायचे असतील तर ते बिरुद सध्या राहू द्या. साध्या नूतनीकरणाचं शुल्क 20 वर्षांवरच्या हलक्या खासगी वाहनाला ऑगस्ट 2025 पासून 10,000 झालंय आणि पर्यावरण कर वेगळा. पुढचं नूतनीकरण कधी आहे ते आरसी बुकात बघून ती रक्कम बाजूला काढा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबाबत आहे. इलेक्ट्रिक कॉलमकडे वळलात तर काम सुरू करण्याआधी सांगली आरटीओकडे लेखी विचारा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच घ्या. नंतर कळवलेल्या बदलाला दाव्याच्या वेळी काही किंमत उरत नाही.

राहिले आगाऊ दिलेले 5,000. परत मागून बघा. नाही मिळाले तर त्याच गॅरेजकडून नकल आणि बॉक्सचं काम करून घेऊन बिलात वळते करा; पण बेअरिंगचे जुने कप, काढलेल्या शिम आणि सील तुमच्या हातात आल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका.