डॉक्टरांनी लिहिलेले औषध नर्स थांबवू शकते का?

आपण विचारले आहे की, डॉक्टरांनी औषध लिहून दिल्यावरही नर्स पुन्हा नाव विचारतात, नाडी पाहतात, प्रसंगी औषध थांबवून ठेवतात, तर हा अधिकार त्यांना दिला कोणी, आणि अशा वेळी नातेवाइकांनी काय करावे? पहिल्या प्रश्नासाठी मला एकदा मेमो मिळालेला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

मी तेव्हा एका शासकीय रुग्णालयाच्या प्रसूती विभागात स्टाफ नर्स होते. झटके येऊन दाखल झालेल्या एका बाळंतिणीला दुपारी दोन वाजता मॅगसल्फचा, म्हणजे झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिलेला होता, म्हणजे 4 ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम. त्यानंतर दर चार तासांनी 5 ग्रॅम द्यायचे होते. सहाचा डोस संध्याकाळच्या ड्युटीने दिला आणि दहाचा माझ्याकडे आला. हँडओव्हरच्या वहीत 'लघवी पुरेशी' असे लिहिलेले होते. सहा वाजता पिशवी रिकामी केल्याची नोंद होती, पण किती मिलि निघाली, त्याचा आकडा कुठेच नव्हता. 'पुरेशी' हा शब्द मला तेव्हापासून वॉर्डात सहन होत नाही.

दहा वाजता एकेक ग्रॅमच्या पाच अँप्यूल ट्रेमध्ये मांडून मी खाटेपाशी गेले. पिशवीत जेमतेम 60 मिलि लघवी होती. नळी कुठे दुमडली असेल म्हणून ती कॅथेटरपासून पिशवीपर्यंत बोटांनी चाचपली, तर ती मोकळी होती. गुडघ्याचा प्रतिसाद तपासायची हातोडी कपाटात कुलूपबंद होती, म्हणून तळहाताच्या कडेने गुडघ्याखाली ठोकून पाहिले, पण दोन्ही पाय निपचित राहिले. पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास 14 भरला. मॅग्नेशियम शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडातून. लघवी घटली की ते रक्तात साचते, मग आधी गुडघ्याचा प्रतिसाद जातो आणि त्यानंतर श्वास मंदावतो. म्हणूनच पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघा उडतो का, श्वास किमान 16 आहे का आणि चार तासांत तासाला 30 मिलिप्रमाणे लघवी झाली आहे का, हे तिन्ही पाहायचे असते. माझ्या रुग्णाचे तिन्ही बिघडलेले होते.

मी डोस थांबवला, मॅग्नेशियमवरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी आणून ठेवले आणि ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, "सिस्टर, ऑर्डर लिहिलेली आहे, तुम्ही द्या. विचार करायला आम्ही आहोत." मी दिला नाही आणि थेट त्यांच्या वरिष्ठ डॉक्टरांना, म्हणजे रजिस्ट्रारना फोन लावला. त्यांनी येऊन स्वतः गुडघा पाहिला, डोस रद्द केला, कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश शिरेतून दिले आणि रक्त तपासणीला पाठवले. क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले होते. पहाटे तिचा पाय पुन्हा उडू लागला. आठवड्याने मला 'वरिष्ठांच्या लेखी आदेशाचे पालन न केल्याबद्दल' मेमो आला. खुलाशासोबत मी त्या रात्रीच्या चार्टची प्रत जोडली. त्यावर कोणी काही बोलले नाही, पण तो मेमो मागे घेतल्याचा कागदही मला आजवर मिळालेला नाही.

तेव्हा अधिकार कोणी दिला, याचे माझे उत्तर असे की, सुई माझ्या हातात असते आणि दिल्याची सही माझी असते. डॉक्टर ऑर्डर लिहितात ती त्या वेळच्या रुग्णासाठी, आणि चार तासांनंतरचा रुग्ण मला दिसत असतो. नाडी मंदावणारी डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी देण्यापूर्वी पूर्ण मिनिटभर नाडी मोजतात, तीही याच कारणाने. इन्सुलिनच्या मिलिला 40 युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची आणि मिलिला 100 युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज असते. बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची झाली, तर अडीचपट डोस जातो, आणि ऑर्डर मात्र अगदी बिनचूक असते. ज्या सिस्टर सकाळीच दिवसभराच्या सह्या उरकून घेतात, त्यांच्याबद्दल मला अजिबात आदर नाही, मग वॉर्डात कितीही गर्दी असो.

एक मात्र सांगायला हवे. थांबवणे म्हणजे टाळणे नव्हे, आणि डॉक्टरांना न कळवता थांबवणे हीसुद्धा चूकच. हेच मॅगसल्फ वेळेवर दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या (प्री-एक्लॅम्प्सियाच्या) रुग्णांवर झालेल्या 2002 सालच्या मॅगपाय चाचणीत दिसले आहे. तिन्ही गोष्टी ठीक असताना उशीर करणारी नर्सही रुग्णाचा जीव धोक्यात घालते. शिवाय बहुतेक डॉक्टर अशा फोनला आभारच मानतात. माझ्या वाट्याला आलेले ते एक अपवाद असतील.

नातेवाइकांनी घरी चालू असलेल्या गोळ्या आणि पूर्वी कशाची ॲलर्जी आली असल्यास ती आपणहून सांगावी, सलाइनचा वेग स्वतः वाढवू नये, आणि लघवीची पिशवी भरली म्हणून परस्पर ओतून टाकू नये. आधी सिस्टरला त्यातला आकडा वाचू द्यावा.