आजोबांच्या कपाटातील अक्षरांची बशी

प्रश्न : माझे आजोबा भुसावळला रेल्वेत नोकरीस होते. १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाने त्यांना दिलेली सहा इंची बशी आमच्याकडे आहे. काठावर उठावाची इंग्रजी मुळाक्षरे, मध्ये खेळणाऱ्या मुलांचे तपकिरी रेषांतील चित्र आणि मागे केवळ ‘इंग्लंड’ असा शब्द आहे. रंग रेषांबाहेर गेल्यामुळे ती नकली असावी आणि काळवंडलेले बारीक तडे घालवण्यासाठी तिला ब्लीचमध्ये बुडवावे, असे जळगावच्या एका विक्रेत्याने सांगितले. आपले मत काय? नातीला तिच्यात खाऊ द्यावा का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : सर्वप्रथम कळकळीची विनंती, की ब्लीच मुळीच वापरू नये. ही बशी पोर्सेलिनची नसून सच्छिद्र मातीची असावी. झिलईच्या तड्यांतून ब्लीच आत मुरते, वाळताना त्याचे क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि झिलईचे पापुद्रे सुटू लागतात. ही हानी पुढे भरून निघत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती फडके एवढेच पुरे. रंग झिलईच्या वर असतील, तर बशी उजेडात तिरपी धरल्यावर त्यांचा थर वेगळा जाणवतो; तिथे तर घासूही नये.

रंग रेषांबाहेर जाणे हा नकलीपणाचा पुरावा नव्हे, उलट ते या प्रकारच्या भांड्यांचे ओळखीचे लक्षण आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात रंग भरून तो पातळ कागदावर उतरवत, कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर दाबून चिकटवत आणि मग पाण्याने धुऊन काढत, की छाप मातीवर राही. म्हणून याला ट्रान्सफरवेअर म्हणतात. पुढे झिलई देऊन भांडे पुन्हा भट्टीत जाई. त्या भट्टीच्या आचेत कोबाल्टचा निळा उत्तम टिकत असल्यामुळे आरंभी निळ्याचेच राज्य होते; तपकिरी, हिरवा, जांभळा हे रंग १८२० च्या दशकापासून रुळले. एका छापात रंग एकच, त्यामुळे बाकीचे कुंचल्याने भरावे लागत. इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातल्या कुंभारकामाच्या कारखान्यांत अगदी लहान मुलेही राबत असत आणि १८४० च्या सुमारास झालेल्या सरकारी चौकशीत त्यांच्या हालअपेष्टांची नोंद झाली. मुलांसाठी केलेली ही स्वस्त भांडी रंगवणारे हात पुष्कळदा मुलांचेच होते. आपल्या बशीवर कोणाचा हात फिरला हे सांगता येणार नाही, तरी तो ओघळलेला रंग पुसून टाकण्याचा विचार मला सहन होत नाही.

मागील ‘इंग्लंड’ या शब्दावरून काळाचा अंदाज बांधता येतो. आयात मालावर देशाचे नाव हवे, हा १८९० चा अमेरिकी कायदा १८९१ पासून लागू झाला आणि इंग्रज कारखानदार ते नाव छापू लागले. त्यामुळे बशी बहुधा त्यानंतरची असावी.

खाऊ मात्र तिच्यात देऊ नये. जुन्या झिलईत बहुधा शिसे असते आणि लिंबू, चिंच, ताक यांसारख्या आंबट पदार्थांनी ते सुटू शकते. त्याऐवजी नातीला जवळ बसवून उठावाच्या अक्षरांवरून तिचे बोट फिरवू द्यावे आणि नंतर तिचे हात धुवावेत.